आधी तबारकल्लाह म्हण

ताघबालूत
९ नोव्हेंबर २००९

बास्सू,

फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते, म्हणून हे पत्र. कागदावर तुला मला मधेच तोडता येणार नाही. अक्षर वाईट आहे, माहीत आहे. मशिदीत बायकांचा वर्ग भरतो, तिथे हिवाळ्यात बसून जेवढं आलं तेवढ्यावर लिहितेय. वाचायला त्रास झाला तर होऊ दे.

आणि तू मला फोन केलास तरी कुठे? केलास जायदकाकांना. काका सकाळी काठी आपटत आले, चहा घेतला, दुसरा घेतला, तिसरा हातात धरून म्हणाले, "हद्दा, लिएजहून निरोप आहे. येत्तोला शाळेतून काढायचं." जसा काही लिएजहून कोट आलाय आणि तो मी अंगात घालून बघायचाय. मी विचारलं, का? तर म्हणाले, बास्सूच्या मुलाने संगणकावर येत्तोचा फोटो पाहिला. चेहरा उघडा, मागे आपल्या घरातला माग, खाली तिचं नाव आणि गावाचंही नाव. सगळ्या जगाने पाहिला. बास्सूला आता लिएजमध्ये तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

लिएज मोठं शहर आहे असं तूच सांगायचास. शोध, सापडेल जागा.

आता काय झालं ते माझ्याकडून ऐक, कारण काकांना अर्धं कळलंय आणि त्यांनी तुला त्याचं अर्धं सांगितलं असणार.

गेल्या वर्षीपासून शाळेत नौफल नावाचा मास्तर आलाय. साफीचा, किनाऱ्याकडचा. आपल्या थंडीत त्याचे कान दिवसभर लाल असतात. शाळेला सरकारने संगणकांची खोली दिली होती, ती हेडमास्तरांनी कुलूप लावून ठेवली होती. आत प्लास्टिकखाली सगळं झाकून, रुखवत मांडल्यासारखं. खराब होईल म्हणून कोणाला हात लावू देत नव्हते. नौफलने भांडून ती उघडायला लावली. आता त्याच्या वर्गातली पोरं दर आठवड्याला आपल्या घरात हाताने काय बनतं ते लिहितात आणि वर्गाच्या नावाने इंटरनेटवर टाकतात. कोणी भाकरीची भट्टी लिहितं, कोणी बापाने विणलेली टोपली. ब्लॉग म्हणतात त्याला. मला शब्दच आवडला नाही, घशात घास अडकल्यासारखा वाटतो.

येत्तोने आपला माग लिहिला. मला विचारलं नाही. शेजारणीने सांगितलं तेव्हा मी लोकर पिंजत होते. तशीच उठले आणि शाळेत गेले. फणी हातातच राहिली, तिचे खिळे तुला आठवत असतील. नौफल मला बघून खुर्चीमागे जाऊन उभा राहिला.

मी म्हटलं, "माझं घर तू रस्त्यावर मांडलंस."

"मावशी," तो म्हणाला, "आधी बघा, मग मारा. ही फणी लागली तर फार दुखेल का?"

"तुला कळेलच."

त्याने मला बसवलं आणि दाखवलं. मी फोटो बघितला. येत्तो मागापुढे उभी आहे आणि फोटो काढणाऱ्यावर वैतागल्यासारखी बघतेय. माझंच तोंड. मग खालचं वाचलं. तू फोटो बघितलास, खालचं वाचलंस का? नसशील, म्हणून इथे उतरवते:

'गालिचा पुरा झाला की आई तो मागावरून उतरवण्याआधी त्याला पाणी पाजते, मरणाऱ्याला पाजतात तसं. मग कलमा म्हणते आणि धागे कापते. माग लावला त्या दिवशी तो जन्मला होता, आज गेला. त्या दिवशी आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. मी आईला विचारलं, दर वेळी वाईट वाटतं का? आई म्हणाली, लोकर उचल.'

मी ते पुन्हा वाचलं. मला वाचायला वेळ लागतो, म्हणून. नौफल खिडकीबाहेर बघत उभा होता, आणि त्याला तसं बघत उभं राहायची अक्कल आहे हे मी तेव्हा लक्षात ठेवलं.

तर फोटो राहील. येत्तो शाळेत राहील. मला शाळेतून काढलं तेव्हा घरातून एक जण शिकला तरी पुरे, आईला मागावर हात हवेत, असं बाबा म्हणाले, आणि माझ्या जागी तू गेलास. त्यात तुझा दोष नाही, तुला नाकसुद्धा पुसता येत नव्हतं. आता येतं. मग ज्या गोष्टीत तुझा दोष नव्हता ती आता मुद्दाम करू नकोस.

हे पत्र येत्तोला दाखवलेलं नाही.

हद्दा


ताघबालूत
२१ डिसेंबर २००९

बास्सू,

तुझं उत्तर नाही. काकांना मात्र दर शुक्रवारी फोन असतो, आणि ते दर शुक्रवारी माझ्याकडे चहाला असतात. तेव्हा तुझी खुशाली कळते.

इकडे गोंधळ झालाय. काकांनी तुला तो आनंदाने सांगितला असणार, म्हणून माझ्याकडूनही घे.

त्या ब्लॉगवर वाचणाऱ्यांना खाली चार ओळी लिहिता येतात. येत्तोच्या मागाखाली खूप लोकांनी लिहिलं. स्पेनची बाई म्हणते, किती सुंदर. आणखी कुठला तरी माणूस म्हणतो, या मुलीच्या हातात जादू आहे. कोणी तिचे डोळे छान म्हटले. कोणी माझं घर. आणि नजर लागू नये म्हणून एकानेही तबारकल्लाह म्हटलं नाही.

तू म्हणशील, त्यांना काय माहीत. बरोबर आहे, त्यांना माहीत नाही. पण बघणाऱ्याला माहीत नव्हतं हे नजरेला कसं कळणार?

त्याच आठवड्यात येत्तोच्या हातावर चहाची किटली कलंडली. उजव्या हातावर. आता फोड सुकलेत. लल्ला तामूच्या नातीने भट्टीचं लिहिलं होतं, तिच्याखालीही वाहवा झाली होती, आणि ती भट्टी बर्फाच्या वजनाने बसली. लल्ला तामू तुला आठवते ना, आईला शेवटची अंघोळ घालणारी. गावातली सगळ्यात जुनी विणकरीण. तिने किटली आणि भट्टी एकापुढे एक ठेवली आणि घरोघर गेली. दोन दिवसांत गावातल्या सगळ्या आयांनी मुलींच्या झग्यांना आतून ताईत टाचले. मीसुद्धा टाचला. माझ्याकडे बघून हसायचं असेल तर तिकडेच हस.

मग हेडमास्तरांनी सगळ्यांना शाळेत बोलावलं. बाप भिंतीला टेकून उभे, आम्ही मागे बाकांवर, गुडघे बाकात अडकलेले. हेडमास्तर म्हणाले, त्यांना आधीपासूनच ही खोली उघडायची नव्हती, कुलूप परत लावलं की भांडण मिटलं. जायदकाका उठले आणि त्यांनी तुझा निरोप सगळ्यांसमोर वाचल्यासारखा सांगितला. म्हणाले, बास्सू खुद्द युरोपात राहतो, आणि तो म्हणतो हे बंद करा. यावर भिंतीकडच्या पुष्कळ माना हलल्या. तुझं नाव इथे अजून चालतं, बास्सू. त्याचा उपयोग तू यासाठी केलास.

नौफल उठून सांगायला लागला की दृष्ट लागणं वगैरे विज्ञानाच्या दृष्टीने बघितलं तर. मी मागून म्हटलं, "तू बस खाली. तू बोललास तर आपण हरू." तो बसला.

मग लल्ला तामू बोलली. म्हणाली, "मी इंटरनेटच्या विरुद्ध नाही, मला ते काय आहे हेच माहीत नाही. पण माझ्या दारात येऊन कोणी माझ्या नातीची तारीफ केली आणि तबारकल्लाह म्हटलं नाही, तर मी त्याला दारातूनच हाकलते. हे लोक दारातून येतच नाहीत. मग हाकलू कुठून?"

आणि बास्सू, ती बरोबर बोलत होती. तिला खुळी म्हणणं सोपं होतं, नौफलच्या तोंडावर तेच होतं. पण मला दिसलं की तिने प्रश्न विचारलाय आणि त्याला उत्तर असू शकतं.

मी उठून नौफलला विचारलं, "या ब्लॉगला दार बसवता येतं का? कोणी लिहिलं की ते आधी बाहेर थांबेल, आपण बघू, मगच आत दिसेल, असं?"

त्याने मान खाजवली. म्हणाला, येतं. आधीपासूनच येत होतं, त्याने ते उघडं ठेवलं होतं एवढंच. किनाऱ्याकडच्या लोकांना दारं उघडी ठेवायची सवय असते.

मी म्हटलं, "मग दारात मी बसते."

हेडमास्तर हसले. "तुम्ही? तुम्हाला त्यातलं काय येतं?"

"नाही म्हणायला येतं."

बायका हसल्या, मग बापही हसले, आणि हसल्यावर माणसाला लगेच कुलूप लावता येत नाही. हेडमास्तरांनी सांगितलं, ठीक आहे, वसंतातल्या सुट्टीपर्यंत बघू. पण तोवर एकाही घराने ब्लॉगपायी मुलगी शाळेतून काढली, तर खोली बंद, सगळ्यांसाठी. हे बोलताना ते काकांकडे बघत होते. काका काठीकडे बघत होते.

म्हणजे आता नीट समजून घे. येत्तोला काढलंस तर एकट्या येत्तोचं जात नाही. तामूच्या नातीचं जातं, टोपलीवाल्या पोराचंही जातं.

हद्दा


ताघबालूत
१७ फेब्रुवारी २०१०

बास्सू,

बुधवारी बाजार असतो, दुपारनंतर शाळा नसते. तेव्हा मी माग सोडून तिथे जाऊन बसते. एका बाजूला येत्तो, एका बाजूला नौफल. परकी भाषा असली तर नौफल सांगतो काय लिहिलंय. मी म्हणते, घ्या, किंवा म्हणते, थांबवा. बर्फाने मधे तार पडली तेव्हा दोन आठवडे काहीच आलं नाही, आणि मला करमेना. हे मी दुसऱ्या कोणाला सांगितलेलं नाही.

ज्याला थांबवते त्याला उत्तर जातं. ते मी सांगितलं आणि येत्तोने लिहिलं: 'तुमचे शब्द पोचले. आमच्याकडे कोणाचं चांगलं बोलण्याआधी तबारकल्लाह म्हणतात, म्हणजे ही देवाची बरकत आहे, आमची नजर हिला न लागो. तेवढं म्हणा आणि पुन्हा पाठवा. हद्दा, येत्तोची आई.' नौफलला त्यात 'कृपया' घालायचं होतं. मी म्हटलं, दारात उभा तो आहे की मी?

आणि ऐक, लोक म्हणतात. पोलंडमध्ये एक म्हातारी लेस विणते, तिने तो शब्द असा काही मोडून लिहिला की नौफलला दोनदा वाचून दाखवावा लागला. पण लिहिला. वर विचारलं की लेस पुरी झाली की तिलाही पाणी पाजायचं का. मी कळवलं, पाजा, थोडंच, सुतावर डाग पडतो. अर्जेंटिनातल्या एका शाळेचा अख्खा वर्ग ओळीने तबारकल्लाह म्हणून गेला. एक माणूस मात्र भांडला. म्हणतो, जग मोकळं आहे, मी हवी तशी स्तुती करीन. त्याला मी अजून बाहेरच ठेवलाय. असू दे मोकळ्या जगात.

लल्ला तामूला हे कळलं तर ती बघायला आली. काठी टेकत, तक्रार करत. खुर्चीवर बसली, अर्जेंटिनाच्या पोरांचे शब्द येत्तोने तिला एकेक करून वाचून दाखवले. ऐकता ऐकता तिच्या हातातली जपमाळ थांबली. मग म्हणाली, "त्यांना विचार, तिकडे लोकरीला लाल रंग कशाने देतात." आता ती दर बुधवारी माझ्याआधी येऊन बसलेली असते, आणि माझी खुर्ची घेते.

भट्टी पुन्हा बांधली. आता भिंत जाड आहे.

हे झालं चांगलं. आता दुसरं.

गेल्या आठवड्यात काका तुझा कागद घेऊन शाळेत आले. येत्तोचं नाव शाळेतून कमी करावं असा. हेडमास्तरांनी आईची सही लागेल म्हणून मला बोलावलं. काकांनी अंगठ्यासाठी शाईची डबी आणली होती, रुमालात गुंडाळून. घरातून विचार करून निघाले होते बिचारे.

मी म्हटलं, "काका, डबी ठेवा. मला लिहिता येतं."

त्यांना आनंद झाला. पेन पुढे केलं. मी कागदाच्या मधोमध मोठ्या अक्षरात 'नाही' लिहिलं आणि त्याच्याखाली सही केली. हेडमास्तरांनी तो कागद घडी करून परत दिला आणि एकदम खोकला आल्यासारखं केलं.

आणि मग काकांच्या तोंडून निघालं. म्हणाले, "अगं पण मग त्या मुलाच्या बापाला बास्सू काय सांगणार?"

कुठल्या मुलाच्या?

काकांनी काठी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. मी दारात उभी राहिले. तेव्हा सगळं आलं. लिएजमध्ये तुझा दोस्त, त्याचं किराणा दुकान, त्याचा मुलगा. गेल्या उन्हाळ्यापासून बोलणी. आमच्याकडची शांत मुलगी, घर सोडून कुठे न गेलेली, असं तू सांगून ठेवलेलं. आणि त्यांनी संगणकावर बघितलं तर मुलगी घारीसारखी रोखून बघतेय आणि वर आई गालिच्याला मरणपाणी पाजते ते जगाला सांगतेय.

तर ही जागा होती तोंड दाखवायची.

येत्तो पंधरा वर्षांची आहे. तिचा बाप गेल्यावर तिची पालक मी आहे, तू नाहीस, जायदकाका नाहीत. बाजाराच्या दिवशी कचेरीत जाऊन मी विचारून आले. तिथल्या कारकुनाने वर न बघता सांगितलं, आई. मी म्हटलं, परत सांगा. त्याने वर बघून सांगितलं. आणि अठराच्या आत लग्न लावायचं तर न्यायाधीशापुढे जायला लागतं. जा म्हणावं. मीही येईन. फणी घेऊन येईन.

मला राग लग्नाचा नाही. मुली लग्नं करतात, मीही केलं, वाईट नव्हतं. मला राग याचा आहे की तू तिला विकायच्या कापडासारखी घडी घालून दाखवलीस, आणि ती उलगडली म्हणून तुला लाज वाटली.

एक राहिलं. कोण कुठून वाचतं याचा नकाशा नौफलकडे आहे. जिथे वाचणारा आहे तिथे लाल ठिपका. पोलंडवर आहे, अर्जेंटिनावर आहे. एक लिएजवर आहे. नौफल म्हणाला, हा रोज संध्याकाळी येतो, सगळं वाचतो, काही लिहीत नाही. मी त्याला म्हटलं, तिथे आपल्याकडचे पुष्कळ लोक आहेत, कोणीही असेल.

कोणीही असेल, बास्सू.

हद्दा


२८ मार्च २०१०
वर्गाच्या ब्लॉगवर

माझ्या भावाला,

हे पत्र टपालाने येणार नाही. टपालाने आलेल्या तीन पत्रांचं तू काय केलंस मला माहीत नाही, पण तू इथे रोज येतोस हे माहीत आहे, म्हणून इथे ठेवते. तुझं नाव घातलेलं नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल. मी सांगतेय आणि येत्तो लिहितेय, तेव्हा भाषा शुद्ध आहे. राग माझाच आहे.

येत्तोला मी दुकानदाराच्या मुलाचं सांगितलं. माझ्या तोंडून कळलेलं बरं. ती बराच वेळ ताण्याचे धागे बोटाने मोजल्यासारखी हलवत बसली. मी विचारलं, वाईट वाटलं का? म्हणाली, "आई, लोकर उचल." मग पुढच्या आठवड्याचं लिहायला शाळेत गेली.

उद्यापासून सुट्टी. एकाही घराने मुलगी काढली नाही. हेडमास्तर काल रस्त्यात भेटले, त्यांनी खिशातून खोलीची किल्ली काढली आणि म्हणाले, दुसरी करून घेतलीय, ही तुमच्याकडे असू द्या, दर बुधवारी मला शोधायला नको. दुसरं काही म्हणाले नाहीत. मीही नाही. किल्ली गळ्यात आहे, लोकरीच्या दोऱ्यात.

आता तुझ्याकडे वळते.

गेल्या बुधवारी दारात एक ओळ थांबलेली होती. नाव नव्हतं. नौफलने नकाशा बघितला आणि मग माझ्याकडे. लिएज. येत्तोने वाचली:

'या गालिच्याचा डावा काठ सैल आहे. आमच्या आईचाही असायचा. पण सुंदर आहे, आणि मुलगी चांगलं लिहिते.'

लल्ला तामूसुद्धा माझ्याकडे बघायला लागली. मग तामूच म्हणाली, "खेचरावरून पडली होती ना तुमची आई. डावा खांदा. त्यानंतर डाव्या बाजूला फणीचा जोर लागायचा नाही तिचा."

हो. आणि मी तिच्या डावीकडे बसून शिकले, म्हणून माझा काठही तसाच येतो. मी घट्ट करून पाहिला, जमत नाही. खरं सांगायचं तर आता करतही नाही. हे गावात तामूला माहीत आहे आणि मला. तिसरा कोण, तर जो लहानपणी त्या गालिच्याखाली झोपायचा आणि सैल काठात पायाची बोटं घालून तो आणखी सैल करायचा. त्याबद्दल मीच मार खायची.

तर तू आहेस.

येत्तोने माझ्याकडे बघून विचारलं, "घेऊ?"

मी म्हटलं, "थांबव."

नौफल म्हणाला, "मावशी, तुमचा भाऊ आहे."

मी म्हटलं, म्हणूनच. पोलंडच्या म्हातारीला शब्द माहीत नव्हता, ती शिकली. अर्जेंटिनाची पोरं शिकली. हा शब्द तोंडात घेऊन जन्माला आला. आमच्या आईने याच्या जिभेवर मधाबरोबर तो ठेवला होता. हा माझ्या मुलीला सुंदर म्हणतो, चांगलं लिहिते म्हणतो, आणि तबारकल्लाह म्हणत नाही?

तू विसरलास असं मला वाटत नाही. लिएजमध्ये एवढं विसरायला होत नाही. आपल्याकडचा माणूस तो शब्द गिळतो तेव्हा त्याचा अर्थ होतो, या पोरीच्या भल्याची हमी मी घेत नाही. दुकानदाराशी बोलणी अजून चालू ठेवायची असतील तर तसं गिळणं बरोबर आहे. मोडली असतील तर गिळायचं कारण नाही.

नियम सगळ्यांना एकच आहे. मी तो काकांसाठी मोडला नाही, हेडमास्तरांच्या मेव्हण्यासाठी मोडला नाही. तुझ्यासाठी मोडला तर पुढच्या बुधवारी तामू मला खुर्चीवर बसू देणार नाही, आणि तिचं बरोबरच असेल.

तुझी ओळ मी टाकून दिलेली नाही. ती दारात आहे, जशी आली तशी. येत्तो रोज एकदा बघते की अजून आहे ना. मला वाटतं तिला ती आवडलीय. मला आवडली की नाही ते तू आत आलास की सांगेन.

तेवढा एक शब्द पुढे लाव, आपल्या नावाने, आणि पुन्हा पाठव. सुट्टी असली तरी किल्ली माझ्याकडे आहे. बुधवारी दुपारी मी दारातच असते.

हद्दा, येत्तोची आई